आत्यानं डोंगर सोडला तेव्हा

काल इथे शहरात, वेलचेरीला शेअर ऑटोतून उतरले, तर एका दुकानामागे कोणीतरी शेळी बांधलेली. तो उग्र, ऊबदार वास आला आणि आत्या आठवली.

मी लहान असताना आमच्या गावचा डोंगर जनावरांनी चरून चरून उघडा पडला होता. गवताची मुळंच उरली नव्हती, त्यामुळे पावसात माती वाहून तळ्यात जायची. ग्रामसभेत चराईबंदीचा विषय निघाला, तसे सगळे आत्याकडे बघू लागले. गावात सर्वांत जास्त शेळ्या तिच्याच, आणि तिचं घरही त्यांच्यावरच चालायचं.

आत्या उठली. "माती जाताना मी रोज बघते. उद्यापासून शेळ्या दारात बांधते," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेळ्या दाव्याला हिसके देत ओरडत होत्या. आत्या बांधावरच्या पाल्याचा भारा डोक्यावर घेऊन आली, घामानं निथळत.

"तू कशाला हो म्हणालीस?" मी रडत विचारलं. ती शेळ्यांपुढे पाला टाकत राहिली. मला वाटलं, आत्या हरली.

गेल्या दिवाळीत ती मला डोंगरावर घेऊन गेली. गवत गुडघ्याला लागत होतं. तिनं एक झुबका दोन्ही हातांनी ओढला. तो निघेना.

"धरलीय बघ माती," आत्या म्हणाली आणि लहान मुलीसारखी हसली.