मिल्टन कीन्सचे केरबा

केरबा निकम १९८१ साली इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये नोकरीला लागला, तेव्हा ते गाव अजून पुरतं बांधून व्हायचं होतं. राउंडअबाउट, म्हणजे रस्त्यांचे गोल चौक, आधी तयार, घरं मागाहून. केरबा रस्त्यांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होता. नव्या रस्त्यांचे नकाशे काढायचे, वळणं आखायची, कडेचे काठ दाखवायचे. आता रस्त्याच्या त्या दगडी काठाला इंग्रजीत म्हणतात कर्ब. पहिल्याच दिवशी साहेबानं त्याचं नाव मोठ्यानं वाचलं, "मिस्टर कर्बा!" आणि अख्खं ऑफिस पोट धरधरून हसलं. कर्ब आखायला कर्बा आलाय!

हसून झाल्यावर साहेबानं सभ्यपणे विचारलं, "तुमच्या भाषेत याचा अर्थ काय होतो?"

खरा अर्थ केरबाला पक्का ठाऊक होता. कोरेगावच्या शाळेत त्या अर्थानं त्याचा जीव नकोसा केला होता. तो वर्गात शिरला की पोरं त्याच्यापुढे वाकून झाडू मारल्याची नक्कल करायची. ते काही त्याला इथं पुन्हा नको होतं. त्यानं चेहरा गंभीर केला आणि म्हणाला, "जो काठावर उभा राहून वाटसरूंना सांभाळतो, तो केरबा. फार जुनं नाव आहे."

कुणी हसलं नाही. साहेबानं तर मान झुकवली.

केरबाला चटक लागली ती तिथं. त्यानंतर जो विचारेल त्याला तो नवा अर्थ द्यायचा. डॉक्टरला सांगितलं, "ज्याला ताप चढत नाही असा." चर्चमधल्या पाद्रीबाबाला सांगितलं, "देवळाचं दार सगळ्यांत आधी उघडणारा." पबमध्ये एकानं फार खोदून विचारलं, तेव्हा म्हणाला, "बाजारात नेला तरी विकला न जाणारा बैल." त्या माणसानं खूश होऊन त्याला बिअर पाजली.

मी शेजारीच राहायचे. त्याच्या बायकोची, मधुमतीची, माझी गट्टी. ती डोक्याला हात लावायची. "अहो, गाव केवढंसं! एक दिवस तुमचे दोन गोरे एकमेकांना भेटतील आणि अर्थ जुळवून बघतील."

"गोरे लोक एकमेकांशी हवापाण्याचंच बोलतात," केरबा म्हणायचा. "नाही जुळत."

आठ वर्षं खरंच नाही जुळले. मग आली जिलियन.

जिलियन त्याच्याच ऑफिसात नकाशांच्या प्रती काढायची. १९८९च्या वसंतात तिला दिवस गेलेले होते आणि मुलाला काय नाव ठेवावं या विचारानं तिची झोप उडाली होती. तिच्या वर्गात म्हणे पाच जिलियन होत्या. मुलाचं नाव कुणाकडेच नसेल असं हवं. बोलता बोलता तिनं केरबाला त्याच्या नावाचा अर्थ विचारला. बाहेर नुकतीच मोठी सर येऊन गेली होती आणि ओल्या राउंडअबाउटवर ऊन पडलं होतं. खिडकीतून बघत केरबा म्हणाला, "वादळानंतरचा पहिला स्वच्छ प्रकाश."

तो घरी आला आणि विसरून गेला. जुलैत जिलियन बाळ घेऊन ऑफिसात आली. गुलाबी, टकलू, डोळे मिचकावणारं. तिनं ते केरबाच्या हातात दिलं आणि म्हणाली, "भेटा. केरबा प्रॅट."

त्या संध्याकाळी त्यानं हे आम्हाला सांगितलं. मधुमती हसावं की रडावं या विचारात पोळी करपवून बसली.

गोष्ट एवढ्यावर थांबती तरी बरं. पण फुकट वाटल्या जाणाऱ्या स्थानिक पेपरानं गावातल्या वेगळ्या नावांवर अर्धं पान छापलं. त्यात जिलियनचा हसरा फोटो, मांडीवर बाळ, आणि खाली ठळक अक्षरात तो वादळानंतरचा प्रकाश. वर्षभरात ब्लेचलीत एक केरबा जन्मला. मग वुल्व्हर्टनला एक. कॅनॉलवर एका म्हाताऱ्या जोडप्यानं आपल्या बोटीला नाव दिलं, 'केरबा'. त्याच सुमारास सातारा जिल्ह्यात हे नाव जवळपास संपलं होतं. तिकडे बारशाला बसलेल्या बायका सागर, अमोल, राहुल यांच्या पुढं जायला तयार नव्हत्या. नाव तिकडे मरत होतं आणि इकडे बाळसं धरत होतं.

१९९३च्या उन्हाळ्यात केरबाची आई, विमलाबाई, पहिल्यांदा इंग्लंडला आली. नऊवारी, त्यावर सुनेचा कार्डिगन, पायात लेकाचे मोजे. ही बातमी जिलियनला कळली आणि तिनं हट्ट धरला, "इतकं सुंदर नाव ज्या बाईला सुचलं, तिला मला भेटायचंय."

केरबानं आधी सांगितलं, आईला प्रवासाचा शीण आहे. मग सांगितलं, तिला ऐकू येत नाही. शेवटी सांगितलं, तिचं मौनव्रत चालू आहे. आमच्या विमलाबाई तेव्हा बागेच्या कुंपणावरून पलीकडच्या मिसेस हार्परशी अस्सल साताऱ्याच्या मराठीत कांद्याच्या रोपांबद्दल गप्पा मारत होत्या, आणि ते सगळ्या गल्लीला ऐकू येत होतं.

एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात जिलियन, तिचा नवरा रॉय, हातात केक, आणि मध्ये चार वर्षांचा केरबा प्रॅट. मी मधुमतीबरोबर किचनमध्ये बटाटेवडे तळत होते. केरबाचा चेहरा बघून मी गॅस बंद केला आणि आम्ही दोघी बाहेर येऊन बसलो. असलं काही चुकवायचं नसतं.

"मी ट्रान्सलेट करतो," केरबा घाईघाईनं म्हणाला.

"नको," जिलियन म्हणाली. "रश्मी करेल."

रश्मी त्याची मुलगी, अकरा वर्षांची, इथंच जन्मलेली. बाप काहीतरी लपवतोय हे तिला कळलं होतं आणि तिचे डोळे चमकत होते. तिनं आजीला विचारलं, "आजी, ही लेडी म्हणते, बाबाची नाव तू कुठून आणला?"

विमलाबाईंनी पदर सावरला. एवढ्या लांब येऊन कुणी आपल्याला काही विचारतंय याचा त्यांना कोण आनंद!

"त्याच्या आदी दोन झाली व्हती," त्या म्हणाल्या. "दोन्ही ऱ्हायली न्हाईत. एक बारा दिसांची, एक तर नाव ठेवायच्या आदीच गेला. ह्यो झाला तवा माझ्या सासूनं काय केलं, फडक्यात गुंडाळला आन् परसातल्या केराच्या ढिगाऱ्यावर नेऊन ठेवला. मग शेजारची द्रौपदी आली, तिनं उचलला. तिच्याकडनं म्या सूपभर कोंडा देऊन इकत घेतला. म्हंजे ह्यो आपला न्हवंच, केरात घावलाय. मरणाला वाटावं, ह्याला काय न्यायचं? म्हनून केरबा."

रश्मीनं तोंडावर हात धरला. "मम, केर मीन्स रबिश, नो?"

"रश्मी," केरबा म्हणाला, "नीट विचार करून बोल."

रश्मीनं अजिबात विचार केला नाही. सगळं जसंच्या तसं इंग्रजीत सांगून टाकलं. रॉयचे खांदे हलायला लागले. तो सोफ्यात तोंड खुपसून हसत होता.

"वादळानंतरचा पहिला स्वच्छ प्रकाश?" जिलियन केरबाकडे बघत सावकाश म्हणाली. "पेपरात छापलंय ते! माझ्या आईनं ते उशीवर भरतकाम करून दिलंय!"

आता विमलाबाईंनी नातीला विचारलं, ही बाई का तापली? रश्मीनं तेही सांगितलं. प्रकाश, पाद्रीबाबाचं दार, न विकला जाणारा बैल, घरात ऐकलेलं सगळं. विमलाबाईंचा चेहरा उतरला.

"का रं?" त्या म्हणाल्या. "म्या ठिवलेल्या नावात काय वंगाळ व्हतं?"

केरबा म्हणाला, "आई, शाळेत पोरं माझ्यापुढं झाडू मारायची गं."

"मग मला का न्हाई सांगितलंस? त्यांच्या आयांच्या दारात जाऊन बसले असते म्या." त्यांनी डोळे टिपले आणि मग त्यांना राग आला. "आन् बैल कशापायी केलास सोताचा?"

जिलियन सोफ्यात पुढं सरकून बसली. तिनं रश्मीला हळूच विचारलं, "आजींना विचार, मग त्या नावाचा उपयोग झाला?"

विमलाबाईंनी लेकाकडे बोट दाखवलं. "दिसतोय की म्होरं. मरायचं ऱ्हायलं बाजूला, बसून खोटं बोलतोय."

जिलियनला हसू फुटलं ते आवरेना. तेवढ्यात सगळ्यांच्या ध्यानात आलं की ज्याचं नाव, तो ऐकतोय. चार वर्षांचा केरबा प्रॅट सोफ्यावर उभा राहिला होता. आपल्या नावाचा अर्थ कचरा आहे, याइतकी सुंदर गोष्ट त्याच्या आयुष्यात घडली नव्हती. "मी रबिश आहे! मी रबिश आहे!" ओरडत तो घरभर पळाला आणि परत येऊन म्हणाला, त्यालाही ढिगाऱ्यावर ठेवा.

"काय म्हनतोय?" विमलाबाईंनी विचारलं. कळल्यावर त्या उठल्याच. "बराबर हाय त्याचं. नाव दिलंय आन् इधी केलाच न्हाई. चार वरसं उशीर झाला, पर काम अर्धं ठिवू नये."

मग आम्ही सगळे मागच्या बागेत गेलो. कोपऱ्यात केरबानं कापलेल्या गवताचा ढीग होता. विमलाबाईंनी पोराला टॉवेलात गुंडाळून त्यावर बसवलं. गवतात मुंग्या निघाल्या, तरी तो हलला नाही. मला द्रौपदी केलं. मी त्याला उचललं तेव्हा माझी कंबर धरली, चांगलाच जड होता. सूप नव्हतं, कोंडा नव्हता. जिलियननं दोन बटाटेवडे देऊन स्वतःचा मुलगा माझ्याकडून विकत घेतला. मिसेस हार्पर कुंपणावरून बघत होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

केरबाची सुटका मात्र झाली नाही. बाकीच्या दोन आयांना त्यानं स्वतः जाऊन खरं सांगावं, असं जिलियननं बजावलं, आणि तो गेला. ब्लेचलीच्या बाईनं ऐकून घेतलं, दार लावलं, आणि पुढं तिचा मुलगा क्रेग झाला. वुल्व्हर्टनच्या बाईनं नाव तसंच राहू दिलं. ती म्हणाली, आता सवय झाली. बोटवाल्या म्हाताऱ्यांना सांगायचा धीर त्याला झाला नाही. ऑफिसात जिलियननं कुणालाच सोडलं नाही. कुणी नवा माणूस आला की ती केरबाला त्याच्यासमोर उभं करायची. "सांगा यांना. खरं सांगा." पहिल्यांदा तो लाजला, अडखळला. पुढं पुढं तो ती गोष्ट इतकी रंगवून सांगायला लागला की द्रौपदीनं कोंडा घ्यायला दिलेला नकार, आजीनं घातलेली शपथ, असं बरंच काही त्यात शिरलं. मधुमती म्हणाली, खरंही याला धड सांगता येत नाही.

त्या गावात नंतर चौथा केरबा काही जन्मला नाही.

विमलाबाई दिवाळीच्या आधी परत गेल्या. दीड-दोन वर्षांनी एका सकाळी कोरेगावहून केरबाच्या पुतण्याचा, गिरीशचा फोन आला. त्याला मुलगा झाला होता आणि बारसंही झालं होतं.

"काय ठेवलं नाव?" केरबानं विचारलं.

"केरबा!" गिरीश म्हणाला. "सगळ्यांच्या पसंतीनं, काका. आता इंग्लंडात हेच चाललंय ना? आजी म्हणाली, तिकडं गोऱ्यांनी ठेवलंय. आळीत अजून दोघांनी विचारलंय."

केरबानं कपाळाला हात लावला. "आईला दे फोन."

विमलाबाई आल्या. "आई, तू त्यांना अर्थ सांगितलास का?"

"कुनी इचारलाच न्हाई," त्या म्हणाल्या. "पोरगं गुटगुटीत हाय. तू ऊन कापडं धाड."

मधुमतीनं त्याच दुपारी दोन लोकरीचे स्वेटर आणले, आणि पोस्टात टाकायला मीच गेले.