शनिवारचा गंज

तर हातगाडी बंगल्याच्या फाटकातच अडली, इथवर आपण काल आलो होतो. गाडीवर गोणपाटात गुंडाळलेली माणूसभर उंचीची फळी. पुढून पुंजाराम ओढतोय, मागून मी ढकलतोय, आणि ओट्यावर आमच्या मालकांच्या मातोश्री फुलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. त्या का उभ्या होत्या हे कळायचं तर आधी पुंजाराम सांगायला हवा. आणि पुंजाराम काही थोडक्यात सांगता येत नाही. त्याला स्वतःलाही ते कधी जमलं नाही.

हा गडी चांदवडकडचा. दुष्काळाच्या साली कांद्याची वावरं सोडून नाशकात आला आणि सातपूरला लोखंडी कपाटांच्या शेडमध्ये रंगारी म्हणून चिकटला. मी तिथंच पत्रा कापायला. त्याचं काम काय, तर पत्र्याचा गंज घासायचा, तांबडा प्रायमर मारायचा, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची आणि वरून करडा रंग फवारायचा. वर्षानुवर्षं तोच करडा. नाशकातल्या निम्म्या सुनांचे शालू त्यानं रंगवलेल्या कपाटांत घडी घालून पडले होते, पण एकीलाही त्याचं नाव ठाऊक नव्हतं, हे त्याच्या जिवाला फार लागायचं. म्हणून कपाटाच्या मागच्या अंगाला तो गुपचूप सही करायचा. कपाट भिंतीला टेकलं की सही वाचायला भिंत एकटीच. तिनं कधी दाद दिल्याचं ऐकिवात नाही.

मग चौऱ्याऐंशीच्या सुमारास आमच्या मालकांनी, खंडेरावशेठनी, इंदिरानगरला बंगला बांधला. शेठ एकदा मुंबईच्या बड्या हॉटेलात जाऊन आले होते. तिथं भिंतीवर एक चित्र होतं म्हणे, ज्यात माणूस नाही, झाड नाही, देवसुद्धा नाही. नुसते डाग आणि खडबड. तरी चांगली सुटाबुटातली माणसं मान तिरकी करून बघत होती. शेठनीही मान तिरकी केली आणि ती सरळ व्हायच्या आत ठरवून टाकलं, की असलंच आपल्या दिवाणखान्यात हवं. त्याला अमूर्त म्हणतात, असं कुणीतरी त्यांना सांगितलं. सातपूरला पोचेपर्यंत त्याचं अमृत झालं. "अमृत चित्र कोण काढील?" असं त्यांनी शेडमध्ये विचारलं, आणि ज्याला अमृतही ठाऊक नव्हतं आणि अमूर्तही, तो पुंजाराम सर्वांच्या पुढं जाऊन उभा राहिला.

त्यानं घरी पडवीत कारखाना मांडला. प्लायवूडवर लांबीचा जाड थर थापला, ओला असतानाच गोणपाट दाबून उचललं. झाली नांगरट. त्यावर लेथखाली पडणारा लोखंडाचा कीस पेरला. मग रोज सकाळ-संध्याकाळ मीठ आणि चिंचेचं पाणी शिंपायचा. दिवसभर शेडमध्ये गंज मारायचा आणि घरी येऊन गंजाची मशागत करायची, असा त्याचा संसार चालू झाला. मालनबाई, त्याची बायको, आल्यागेल्याला सांगायची की आमच्या आमटीला चिंच नाही, फळीला मात्र दोन्ही वेळ. मधल्या उंचवट्यांवर त्यानं चांदीचा रंग कोरड्या ब्रशनं नुसता टेकवला, कडेनं तांब्याची पूड चोळली. उन्हात धरलं की खोटं कशाला बोलू, पावसाळ्यानंतरचा जुना पत्रा जेवढा सुंदर दिसतो तेवढं ते दिसायचं.

मी त्याला म्हणालो, अरे, गेरू आणि तपकिरी रंग कालवला तरी असाच दिसेल, चिंच वाचेल. त्यानं माझ्याकडं अडाण्याकडं बघावं तसं बघितलं. रंगानं काढलेला गंज म्हणजे गंजाचा फोटो, म्हणाला, माझा गंज खरा आहे. पुढं महिनाभर भेटेल त्याला, पानवाल्यालासुद्धा, तो हेच ऐकवत होता.

वास्तुशांत रविवारी होती. चित्र शुक्रवारी पोचवायचं ठरलं होतं. पण शुक्रवारी पुंजारामसाहेबांनी फळीला नाक लावून वास घेतला आणि गंज अजून मुरला नाही असा निकाल दिला. जणू कैरीचं लोणचंच. त्यामुळं आम्ही निघालो शनिवारी.

आता शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत, हे पोरालाही ठाऊक असतं. फुलाबाईंनी तर त्या बंगल्याचा खिळान् खिळा शुक्रवारच्या आत आणवून घेतला होता. त्यांनी विचारलं, काय हाय गाडीवर? शेठ आतून म्हणाले, चित्र. म्हातारी गप्प बसली असती. पण पुंजारामला कुणी चित्राबद्दल विचारावं आणि त्यानं एका शब्दात थांबावं? त्यानं गोणपाट सोडलं आणि किसापासून चिंचेपर्यंत सगळी कथा लावली. 'अस्सल लोखंड' तर तीनदा म्हणाला.

"आज वार कोणता?" फुलाबाईंनी विचारलं.

मग शेठ बाहेर आले आणि ओट्यावर खटला उभा राहिला. शेठचं म्हणणं, भिंतीवर लागतं ते चित्र. म्हातारीचं म्हणणं, गंजतं ते लोखंड. उद्या लावावं, तर पहाटेपासून होम, पाहुणे, ठोकाठोकी कुठली? आणि भिंत तर मोकळी ठेवायची नव्हती. शेठनी सावधपणे बाजारातून बर्फाच्या डोंगराची, तळ्याची, हंसांची सीनरी आणून व्हरांड्यात टेकवूनच ठेवली होती. ती एकदा चढली की पुंजारामचं चित्र जन्मभर पडवीतच चिंच खाणार, हे आम्हा सर्वांना दिसत होतं.

शेठ पायऱ्या उतरून पुंजारामच्या कानाशी आले. "नुसता रंग आहे म्हण. एवढंच म्हण. आईला काय कळतंय?" मी मागून त्याच्या बरगडीत कोपर मारलं. इतकी वर्षं कपाटांच्या पाठीवर सह्या केलेला माणूस, समोर अख्खी भिंत, आणि मधे फक्त एक शब्द.

फुलाबाई एक पायरी खाली आल्या. बोट लावून बघितलं नाही, पुंजारामच्या तोंडाकडंच बघितलं.

"खरं सांग लेका. तू म्हणशील ते मी धरीन. रंग हाय का लोखंड?"

पुंजारामनं हात विजारीला पुसले. एकदा फळीकडं बघितलं, एकदा व्हरांड्यातल्या हंसांकडं.

"लोखंडच हाय, मावशी. रंगाचंच पायजे आसंल तर ती बर्फाची सीनरी लावा, तिला वार लागत नाय. माझं चित्र आज फाटकाबाहेर राहू द्या. रातभर दव खाईल, अजून गंज चढंल, आन् उद्या रविवारी तुम्हीच म्हणाल, पुंजाराम, आत आण."