भिंतीला एक खिळा

आमच्या घरात आईबाबांचं लग्न कायम भिंतीला टेकून उभं असायचं. म्हणजे लग्नाचा फोटो. जाड लाकडी चौकट, समोर काच, आत बाबा फौजेच्या गणवेशात छाती पुढे काढून आणि शेजारी आई, डोळे मिटलेली. फोटोवाल्याने नेमकी त्याच क्षणी कळ दाबली होती. हा फोटो काळ्या ट्रंकेवर जरा मागे रेलून ठेवलेला असे, त्यामुळे नवरानवरी सदैव छताकडे पाहत असल्यासारखी दिसत. नवरी तर डोळे मिटून पाहत होती. आई केर काढायला लागली की फोटो खाटेवर जाई. पाहुण्यांना बसायला ट्रंक हवी असली की कपाटावर. आणि आम्ही भावंडं घरात चेंडू खेळायला लागलो की थेट आईच्या मांडीवर.

घरी येणारा प्रत्येक जण विचारी, एक खिळा ठोकून टांगत का नाही? त्याचं उत्तर बाबा देत आणि ते दोनच शब्दांचं असे, "खिळा नाही."

त्यामागची हकीकत अशी. फोटोवाल्याने फोटो चौकटीत घालून दिला त्याच संध्याकाळी आईने क्वार्टरच्या भिंतीत एक लांबलचक खिळा ठोकला होता. वर्षभरात बदलीचा हुकूम आला. क्वार्टर ताब्यात घ्यायला अधिकारी आला, त्याने खिळा उपटायला लावला आणि खिळ्याबरोबर परातीएवढा गिलावा खाली आला. "हवालदार," अधिकारी म्हणाला, "भिंत सरकारची आहे, तुमच्या सासऱ्याची नाही." बाबांनी भर दुपारी सिमेंट कालवून ते भगदाड बुजवलं, आणि ज्यांना ते रोज कवायत शिकवत ती सगळी पोरं कुंपणाबाहेरून बघत होती. तेव्हापासून आमच्या घराचा कायदा ठरला तो ठरलाच. आमच्या बाबांचं हे असंच आहे. एकदा लाजले की आयुष्यभर लाजतात.

बाबा कवायतीचे हवालदार होते. आवाज असा की बाजारात त्यांनी आईला "अगं" म्हटलं की निम्म्या बाजारातल्या बायका वळून बघत. फौजेतल्या शेवटच्या वर्षी त्यांचा गुडघा फुटला आणि ते लष्करी इस्पितळात पडून राहिले. तिथल्या पाद्र्याचा घसा बसला होता. त्याने बाबांच्या हातात बायबल ठेवलं आणि खुणेनेच सांगितलं, तुमचा आवाज शेवटच्या खाटेपर्यंत पोचतो, तुम्हीच वाचा. बाबांनी हुकूम वाचून दाखवावा तसं एक पान वाचलं आणि पुस्तक मिटलं. शेवटच्या खाटेवर डोळ्यांना पट्ट्या बांधलेला एक जवान होता. तो ओरडला, "अहो, पुढे काय झालं?"

दुसऱ्या दिवशीही तेच. मग सगळा वॉर्डच संध्याकाळची वाट पाहायला लागला. बाबा सांगतात, "लोकांना मी जन्मभर हुकूम सोडले. ते ऐकून पुढे काय झालं असं मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं." गुडघा बरा झाला, पण बाबा त्या वॉर्डातून खऱ्या अर्थाने बाहेर आलेच नाहीत.

इकडे आईने मनात घर बांधायला घेतलं होतं. दोन खोल्या, एक ओटा, आणि सगळ्यात आधी ती भिंत. बाबा फौज सोडून आले, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मी मेथडिस्ट पाळक व्हायचं ठरवलंय."

आई रडली नाही, भांडलीही नाही. तिने एवढंच विचारलं, "पाळकाची बदली होते का?"

"होते," बाबा म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नाही. "मेथडिस्टांमध्ये तर हमखास होते."

आईने कपाळाला हात लावला.

कारण मेथडिस्ट या आमच्या ख्रिस्ती पंथाची रीतच तशी आहे. पाळकाने एका चर्चमध्ये मूळ धरून बसायचं नाही. वर्षातून एकदा सगळे पाळक परिषदेला जमतात आणि शेवटच्या दिवशी बिशप उभे राहून नेमणुका वाचतात. कोण राहिला, कोण निघाला, ते तिथेच सगळ्यांदेखत कळतं. निघालेल्याने घरी येऊन ट्रंका बांधायच्या. "फौज आणि हे, फरक एवढाच," आई म्हणे, "इथे आधी गाणं म्हणतात."

बाबा धर्मशिक्षणाच्या शाळेत गेले तेव्हा त्यांच्या वर्गातल्या मुलांना अजून नीट मिशा फुटल्या नव्हत्या. संध्याकाळी एकाच टेबलाच्या एका बाजूला मी पाढे पाठ करायची आणि दुसऱ्या बाजूला बाबा ग्रीक अक्षरं. माझं आधी पाठ झालं की मी ऐटीत उठायची. ते मला तेव्हापासून "कप्तान" म्हणतात.

पहिल्या उपासनेत मात्र त्यांनी जो गोंधळ घातला तो आजही लोक सांगतात. प्रार्थनेसाठी चर्चमध्ये जमलेल्या मंडळीला उभं करायचं होतं. "आपण उभे राहू या" एवढंच म्हणायचं होतं, घरी दहादा घोकलंही होतं. पण समोर माणसांच्या ओळी दिसल्या आणि जुनी सवय उसळून आली. बाबा गरजले, "सावधान!" अख्खी मंडळी ताडकन उभी राहिली. म्हाताऱ्यांनी काठ्या बगलेत धरल्या, एका बाईच्या कडेवरचं बाळ रडायचं थांबलं. बाबांचा चेहरा लालबुंद झाला. ते कसेबसे पुटपुटले, "विश्राम," आणि मग जे हसणं सुरू झालं ते प्रार्थना संपेपर्यंत कुणालाच आवरलं नाही. "सावधान पाद्री" हे नाव त्या दिवशी चिकटलं आणि आमच्या सामानाआधी प्रत्येक नव्या गावी जाऊन पोचू लागलं.

पाळक म्हणून बाबा कसे होते? मी मुलगी आहे, मला विचारू नका, मी बढाया मारीन. आजारी माणसाकडे गेले की आधी उशाशी असलेल्या औषधाच्या बाटल्यांची झडती घेत. कालची गोळी राहिलेली दिसली की देवाचं नाव नंतर, आधी पेशंटची हजेरी. पण मग तिथेच बसून राहत. कुणी रडत असलं तर त्याला गप्प करत नसत आणि त्याचं बोलणं थांबलं की हळूच विचारत, "पुढे काय झालं?" एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस इतकं हळू बोलू शकतो याचं मला नवल वाटे. माणसं त्यांच्यापाशी सगळं सांगून मोकळी होत.

आम्ही मात्र गावामागून गाव बदलत राहिलो. पाळकगृहाच्या भिंती मंडळीच्या, म्हणून तिथेही कायदा तोच. आई ट्रंका बांधण्यात इतकी तरबेज झाली होती की कुठली कढई कुठल्या ट्रंकेत ते झोपेतही सांगेल. फोटो शेवटी बांधायचा, जुन्या घोंगडीत गुंडाळून, आणि प्रवासात आईच्या पायाशी ठेवायचा. नव्या घरी तो सगळ्यात आधी बाहेर निघे आणि पुन्हा ट्रंकेवर टेकून उभा राही.

मग हे गाव आलं. इथे माझं लग्न झालं आणि मी पाळकगृहापासून दोन गल्ल्यांवर राहायला आले. मला मुलगी झाली. आईने चर्चच्या मागच्या खोलीत बायकांना शिवण शिकवायला सुरुवात केली. तिथे मशिनींपेक्षा तोंडंच जास्त चालत. आयुष्यात पहिल्यांदा तिला अशा मैत्रिणी मिळाल्या ज्यांना तिच्या मागच्या वर्षीच्या गोष्टी ठाऊक होत्या. पण नेमणुकीची मुदत भरत आली. दूरच्या डोंगरातल्या मंडळीला पाळक हवाय आणि सावधान पाद्र्यांचंच नाव निघतंय, अशी कुणकुण लागली. परिषदेला अजून पंधरवडा होता, तरी आईने पहिली ट्रंक उघडून झटकली.

ते बघून माझं डोकं फिरलं. "बाबा, एकदा तरी बिशपांना विचारा की! विचारल्याने काय जीभ झडणार आहे?"

"कप्तान, नेमणूक मागायची नसते. जिथे पाठवतील तिथे जायचं."

"आणि आईने?"

आई चादरींच्या घड्या घालत होती. तिने घडी मांडीवर ठेवली आणि बाबांकडे बघून सरळ म्हणाली, "अहो, मला इथेच राहायचंय."

इतक्या वर्षांत तिने हे कधी म्हटलं नव्हतं. मला वाटलं, आता काहीतरी होईल. काही झालं नाही. बाबा उठले आणि ब्रश-पॉलिश घेऊन ओट्यावर बसले. त्यांना काही सुचेनासं झालं की ते बूट चमकवतात. स्वतःचे झाले, जावयाचे झाले, माझ्या मुलीच्या वीतभर बुटांचीही पाळी आली. मी चिडून घरी निघाले आणि चपला घालायला गेले तर त्यासुद्धा लखलखत होत्या. मला हसू आलं याचाच आणखी राग आला.

परिषदेच्या शेवटच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. खाली पाळक, वर सज्जात घरची माणसं. आई कठड्याला धरून बसली होती, बाजूला मी, माझ्या मांडीवर माझी मुलगी. गाणं झालं. बिशपांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. गावाचं नाव, मग पाळकाचं नाव. प्रत्येक नावाला सज्जातून कुणाचा तरी श्वास सुटे. बाबांची एक खोड सगळ्यांना माहीत होती. आपलं नाव आलं की ते ताडकन उभे राहत आणि "हजर!" म्हणून गरजत. तेवढ्यासाठी लोक दर वर्षी थांबलेले असत.

डोंगरातल्या मंडळीचं नाव आलं. आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. बिशपांनी पुढे जे नाव वाचलं ते एका तरुण पाळकाचं होतं. मग काही गावं गेली, आणि आमच्या गावाचं नाव आलं, आणि त्यापुढे बाबांचं.

बाबा उठून उभे राहिले. पण आवाज नाही. सगळं सभागृह वाट बघतंय आणि कवायतीच्या हवालदाराच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांचे खांदे हलताना मला वरून दिसत होते. बिशपांनी चष्म्यावरून पाहिलं. "सावधान पाद्री? आहात ना?"

तेवढ्यात माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला, "हजर!"

आई उभी होती. तिचा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. सगळं सभागृह वर बघून टाळ्या वाजवू लागलं. माझ्या मुलीने झोपेतून दचकून भोकाड पसरलं. आईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि खाली बसली, हसत आणि रडत. माझा जीव भांड्यात पडला. मीही रडले, त्यात लपवायचं काय?

बाहेर पायऱ्यांवर बिशप मुद्दाम आईला भेटायला आले. "बाई, तुमचे यजमान माझ्याकडे आले होते. तुम्हाला माहीत आहे?"

आईने नकारार्थी मान हलवली. बाबा दुसरीकडे पाहू लागले.

"आले आणि ताठ उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात. गळक्या छपराबद्दल बोलले, बाकांच्या रंगाबद्दल बोलले आणि निघून गेले. फाटकापर्यंत गेले असतील, तिथून परत आले. म्हणाले, 'साहेब, माझ्या बायकोला भिंतीत एक खिळा ठोकायचाय.' मला काही उमगेना. मी म्हटलं, बसा, आणि नीट सांगा. मग त्यांनी त्या पडलेल्या गिलाव्यापासून सगळं सांगितलं." बिशप हसले. "एवढं ऐकल्यावर मी आणखी काय विचारणार? निवृत्त होईपर्यंत मी यांना हलवत नाही."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा बुटांकडे बघत म्हणाले, "पुढे काय झालं ते ऐकलंस ना आता."

ही बातमी आमच्याआधी गावात पोचली. आम्ही घरी आलो तर मंडळीचा कारभारी, धंद्याने सुतार, पेटी घेऊन दारात बसला होता. "पाळक साहेब, ही भिंत मंडळीची आहे ना? मग मंडळीच सांगतेय, ठोका." त्याने आधी भिंतीत लाकडाची गुट्टी बसवली, म्हणजे गिलावा पडायचं भय नाही. मग हातोडी बाबांकडे धरली. बाबांनी ती आईच्या हातात दिली आणि स्वतः दोन पावलं मागे जाऊन उभे राहिले, टाचा जुळवून.

शिवणाच्या खोलीतल्या सगळ्या जणी दारात गोळा झाल्या होत्या. आईचा पहिला घाव हुकला. दुसरा बसला. तिसऱ्याला बाबांना राहवेना. "मनगट सैल! नजर समोर!" आई मागे न बघता म्हणाली, "तुम्ही विश्राम घ्या." दारातल्या बायका इतक्या हसल्या की सुताराच्या हातून पेटी पडली.

फोटो टांगला गेला. नवरानवरी पहिल्यांदा छताकडे नाही, समोर आमच्याकडे पाहू लागली. निदान नवरा तरी. माझ्या मुलीने फोटोतल्या आजीकडे बोट दाखवून विचारलं, "आजी झोपलीय?" खाली काळी ट्रंक मोकळी पडली होती, आणि बाबा तिच्यावर जाऊन बसले. बसल्या बसल्या मान वळवून फोटोकडे पाहताना त्यांचा डोळा बारीक झाला. ते उठले, मान तिरकी करून पाहिलं, पुन्हा हातोडीकडे वळले.

"डावीकडे झुकलाय," ते म्हणाले. "वाकडा आहे."

आईने हातोडी उचलली आणि सुताराच्या पेटीत टाकून झाकण लावलं.

"असू दे हो," ती म्हणाली. "आज वाकडा राहू दे. उद्या आहोतच की आपण इथे."