पोराच्या मापाची ऐरण

गल्ली त्यांना कडूबा मिस्त्री म्हणती. मी बायको, मी नाव घेत नाय. पण डोकं लई खाल्लं माणसानं माझं, ते सांगायला मला कोण अडवतंय?

लोहाराचं घर आमचं. पैठणकडं सासऱ्याची भट्टी होती, ती बसली अन् हे शहरात कारखान्यात घण मारायला आले. कारखान्यानं म्हातारे कामगार काढले, तसं ह्यांनी ठरवलं, घरामागच्या जागेत आपली भट्टी घालायची. स्वतःसाठी नाय, अतुलसाठी. आमचं एकुलतं पोरगं शेंद्र्याच्या कारखान्यांत ठेकेदाराकडं राबायचं, आज काम हाय तर उद्या नाय. "त्याला मालक करतो," म्हणायचे.

कोळशानं फरशीवर नकाशा काढला. इथं भट्टी, इथं पाण्याचं टाकं. धुराडं उंच, शेजारच्या मुक्ताबाईच्या वाळवणावर धूर जायला नको. पत्रे तीन बाजूंनी बंद, कारण तापल्या लोखंडाचा रंग अंधारातच कळतो. मी न बघता फरशी पुसली, तर माणूस जेवला नाय.

मग सासऱ्याची ऐरण गावाहून आणली. ती बाभळीच्या ओंडक्यावर बसवत्यात अन् ओंडका जमिनीत गाडत्यात. माणसानं उभं राहून हात खाली सोडला, मूठ वळली, की मूठ ऐरणीला टेकली पाहिजे. उंच झाली तर खांदा जातो, बुटकी झाली तर कंबर. ह्यांनी अतुलला उभं केलं अन् त्याच्या मुठीपासून जमिनीपर्यंत सुतळी धरली. पोरगं बापापेक्षा डोकंभर उंच.

"अहो, आधी तुम्हीच मारणार ना? तुमच्या मापानं लावा की."

"मी कितीक दिवसाचा? अन् पूजा झालेली ऐरण परत हलवत नसत्यात."

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तशातली गत. पोराला कुणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाय. मूठ वळून गुमान उभा होता.

दसऱ्याला ऐरणीला हळदकुंकू वाहिलं. दिवाळीनंतर श्रेयाचं स्थळ आलं. तिच्या बापाची एकच अट, जावई भट्टीवर नको. अतुल ह्यांच्यासमोर बसला अन् म्हणाला, "अप्पा, मला बी नको हाय. तुमचे भाजलेले हात बघत मोठा झालोय मी." लग्न झालं, पोरगं पुण्याला गोदामात कामाला लागलं.

मग हे एकटेच त्या उंच ऐरणीवर विळे-कुऱ्हाडी ठोकायला लागले. दर घावाला खांदा कानापर्यंत जायचा. पायाखाली फळी घ्या म्हणलं, घेतली. तापला तुकडा घेऊन वळताना फळीवरनं पाय गेला, पोटरी भाजली. फळी फेकून दिली. रोज खांद्याला चोळायचं तेल मीच गरम करायची अन् रोज तोंड वाजवायची, "ओंडका कापा. जिद्द कुणाला दाखवताय?"

"तो येईल," म्हणायचे.

"कवा?"

हे परत घण उचलायचे. मला त्यांचा राग यायचा, अन् पोराचा त्याहून जास्त. अन् खरं सांगू, मी बी दाराकडं बघायचीच.

एक दिवस सकाळी करवतीचा आवाज आला. जाऊन बघते तर ऐरण खाली उतरवलेली अन् हे डाव्या हातानं ओंडक्याचा माथा कापतायत. मी धावत जाऊन करवत धरली. "राहू द्या हो. कापू नका."

"तूच म्हणत होतीस की," म्हणले. आवाज अगदी सपाट. माझे हात बाजूला केले अन् कापत राहिले. मी तिथंच बसून रडले.

ऐरण आता त्यांच्या मापाची हाय. पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाय, डॉक्टरनं घण बंद सांगितलाय. भट्टीत मी गोवऱ्या ठेवते. कापलेली बाभळीची चकती फेकवंना, म्हणून दारात ठेवली.

परवा अतुल अन् श्रेया येऊन गेले. निघताना अतुल त्या चकतीवर बसून बूट घालत होता. हे खाटेवरनं बघत होते.

"बसायला बरं केलंय हे, आई," अतुल म्हणाला. "कशाचं हाय?"

"बाभळीचं," म्हणलं मी.