लालबाग सोडताना मी चालत नव्हते

लालबागची चाळ सोडली तेव्हा मी तिसऱ्या मजल्यावरून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून उतरले. शेजारचा बंड्यादादा आणि त्याचा भाऊ खुर्ची धरून होते. तुम्ही सगळे चाळकरी गॅलरीत उभे होतात. आई पुढे होऊन वाटेतल्या चपला पायाने बाजूला सारत होती.

तापानंतरचा थकवा वर्ष उलटलं तरी गेला नव्हता. आंघोळ केली की दिवसभर अंथरूण. रिपोर्ट सगळे नॉर्मल. मसाल्याच्या गिरणीत उभ्याने जन्म काढलेली आई म्हणायची, "ऊठ गो, हातपाय हलय. पडान रवलंस तर तशीच रवतलंस." मी हट्टाने उठायचे, लादी पुसायचे आणि पुन्हा कोसळायचे.

वरळीला ताईकडे आले, कारण तिथे लिफ्ट होती. दुपारी समुद्राचा उजेड छतावर हलायचा. आपण पलंगावर आहोत की पाण्यावर, कळायचं नाही. अर्धवट झोपेत तुमचे आवाज यायचे, ढोलाची तालीम, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी.

ताईने व्हिडिओ कॉलवर एक कौन्सेलर बाई गाठून दिल्या. मी चिडलेच. "म्हणजे हे मनाचं आहे?"

"आजार शरीराचाच आहे," त्या म्हणाल्या. "पण त्यासाठी तुम्ही रोज स्वतःला शिक्षा करताय. ती तरी थांबवू या."

दमल्यावर नाही, दमायच्या आधी थांबायचं, एवढंच शिकायचं होतं. अर्धी मेथी निवडून उठून जायला मला कित्येक महिने लागले. थांबलं की आईचा आवाज कानात यायचा. त्याच्याशी भांडू नका, बाई म्हणाल्या. 'ऐकलं' म्हणा आणि डोळे मिटा.

बरी झाले असं नाही म्हणत. पण केस माझे मी धुते. संध्याकाळी सी-फेसवरच्या पहिल्या बाकापर्यंत जाते, आणि अंगात जोर असला तरी तिथूनच परतते.

मागच्या महिन्यात आई राहायला आली. दुपारी भांडी अर्धी टाकून मी आडवी झाले, तर ती दारात उभी. आता बोलणार, म्हणून मी श्वास रोखला.

"सरक गो जरा," म्हणत ती शेजारी आडवी झाली. तिला दुपारी पडलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. छताकडे बघत हळूच म्हणाली, "माका पण कधी कधी उठूक नको वाटायचा. पण सांगूचा कोणाक?"

आणि झोपलीसुद्धा.

तुम्ही फोनवर विचारता, घरी कधी येतेस? तेव्हा मला तीच दुपार आठवते. आईचा हात माझ्या अंगावर जड होऊन पडला होता, आणि मला कुठेच जायचं नव्हतं.