उत्तर न सांगणाऱ्या त्रिशलाबाई

‘कळंबा जेलला घ्या’ म्हटलं की रिक्षावाला आरशातून एकदा मागं बघतोच. मागं पांढऱ्या केसांची, कडक इस्त्रीच्या सुती साडीतली बाई. मग न राहवून तो विचारतो, “आत कोण हाय, मावशी?”

“पोरं हायत माझी,” त्रिशलाबाई सांगतात. “अपूर्णांकात अडकल्यात.”

त्यावर रिक्षावाला मुकाट मीटर टाकतो.

माहेर जयसिंगपूरचं, आणि सगळी नोकरी कोल्हापुरातल्या एका शाळेत गणित शिकवण्यात गेलेली. निवृत्तीनंतर सासूबाई आता घरी निवांत बसतील, अशी सुनेची, प्रियदर्शनीची, समजूत होती. बाई बसल्या जेमतेम एक उन्हाळा. मग दहावीला बसणाऱ्या कैद्यांना दर शनिवारी गणित शिकवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. स्वभाव तापट, आवाज खणखणीत. शाळेत त्यांचा एक कायदा होता: फळ्याशी उभा असलेला अडला, तर बाकीच्यांनी उत्तर सांगायचं नाही, त्याला प्रश्न विचारायचा. तो कायदा त्यांनी तुरुंगातही नेला आणि पहिल्याच दिवशी सवयीनं गरजल्या, “उत्तर फोडणारा वर्गाबाहेर जाईल!”

मग मागून आवाज आला, “बाई, थेट गेटाभाईर घालवणार असाल, तर आत्ताच फोडतो की!” अख्खा वर्ग हसला, पहाऱ्यावरचा शिपाई हसला, बाईंनाही हसू आवरेना. त्या दिवशी या माणसांवर त्यांचा जो जीव जडला तो जडलाच.

बोलणारा होता आकाराम. गडहिंग्लजकडचा, एके काळी तालमीत पोरांना कुस्ती शिकवणारा वस्ताद. बांधावरच्या मारामारीत त्याच्या हातून एक माणूस गेला, हे त्यानंच एकदा खाली मान घालून सांगितलं. बाई आपण होऊन असलं कुणाला विचारत नसत. गणितात गडी सगळ्यांच्या पुढं, पण तोंडाला लगाम म्हणून नाही. कुणी अडला की आखाड्याच्या कडेवरून डाव सांगावा तसा मांडी थोपटून ओरडायचा.

एकदा पिराजी फळ्याशी होता. ट्रक चालवता चालवता केस पिकलेला, अबोल माणूस. फळ्याशी यायला त्याला कितीतरी शनिवार लागले होते. गणित होतं, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. त्यानं वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली मिळवले आणि उत्तर लिहिलं दोन पंचमांश.

“आरं छेद! छेद सारखं कर की आदी!” आकाराम गरजला.

पिराजीनं तळहातानं फळा पुसला, जागेवर जाऊन बसला आणि पुढच्या शनिवारी आलाच नाही.

बाईंचा पारा चढला. “वस्ताद, पठ्ठ्या खाली गेला म्हणून तुम्ही कधी आखाड्यात उडी मारलीत का?”

“न्हाय बाई. असं कसं चालंल?”

“मग हितं का मारता?”

त्याच्या पुढच्या शनिवारी आकारामच पिराजीला हाताला धरून घेऊन आला. पिराजी मागं बसायचा, वहीत लिहायचा, पण फळ्याकडं फिरकायचा नाही.

अशात बाईंचे गुडघे अगदीच बोलायला लागले आणि ऑपरेशन ठरलं. तुरुंगाच्या साहेबांनी अडचण सांगितली: शिकवायला कुणी नसेल, तर खोली शिवणयंत्रांना द्यावी लागेल. बाईंना गुडघ्यांची भीती नव्हती. वर्ग मोडला तर पिराजी पुन्हा खडू हातात धरणार नाही, ही धास्ती होती. वर्ग चालवण्याएवढं गणित फक्त आकारामला येत होतं, आणि नेमकं त्याच्याच हाती द्यायला मन धजत नव्हतं. शेवटी त्यांनी खडूची डबी त्याच्यापुढं धरली.

“गणित जमेल तुम्हाला. गप्प बसायला जमेल?”

“बघतो की, बाई,” तो म्हणाला. खात्री दोघांनाही नव्हती.

वॉकर सुटून हातात काठी आली, तशा सुनेशी वाद घालून बाई निघाल्याच. खोलीच्या दारात पाऊल ठेवलं आणि थबकल्या. फळ्याशी पिराजी उभा! तेच गणित, तेच दोन पंचमांश. शेजारी खडूनं काढलेली एक गोल भाकरी. आकारामनं स्वतःच्या टॉवेलचं टोक दातांत धरलेलं, कपाळावर घाम.

त्यानं टॉवेल सोडला. “पिराजी, अर्धी भाकरी तुझ्याजवळ हुती. वर आणि तिसरा वाटा मिळाला. आता ह्या अख्ख्या भाकरीचं पाच वाटं कर, त्यातलं दोन घे. किती भरली सांग.”

पिराजी भाकरीकडं बघत राहिला. बाईंना मात्र राहवेना. काठी उचलून त्या पुढं सरल्या, “अहो पिराजी, छेद...”

आकारामनं वळून ओठांवर बोट ठेवलं. “गप बसा की, बाई. त्येचं त्येला घावतंय.”

वर्गात बाईंना गप्प करणारा माणूस आजवर जन्मला नव्हता. शिपायानं पुढं केलेल्या खुर्चीवर त्या मुकाट्यानं बसल्या आणि पदरानं डोळे टिपले.

“आयला,” पिराजी स्वतःशीच म्हणाला, “ही तर अर्ध्यापरास कमीच भरली.” त्यानं तळहातानं दोन पंचमांश पुसलं. या खेपेला मात्र तो जागेवर जाऊन बसला नाही.