टाकीच्या तळाचा गाळ

मंडळी, इथल्या वायनरीतली, म्हणजे वाइनच्या कारखान्यातली, नोकरी गेली आणि एकोणचाळिसाव्या वर्षी मी बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. रोज पूर्ण वेळ कॉलेज.

आज प्रॅक्टिकलला सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट होतं. मला काहीच दिसेना. शेजारच्या सानिकाने फोकस लावून दिला, "काकू, आता बघा." एका गोल पेशीला कोंब फुटावा तशी छोटी पेशी फुटली होती!

बारा वर्षं मी वाइनच्या टाक्यांच्या तळाचा हाच यीस्टचा गाळ धुवून काढला. तो जिवंत असतो, हे मला माहीतच नव्हतं.

मॅडमना विचारलं, "साखर संपली की हे मरतं का झोपतं?"

"उद्या वाचून तुम्हीच वर्गाला सांगा."

पुस्तक उघडलंय, वहीत मुद्दे काढतेय. तुमच्या रोजच्या कामातलं काय आहे, जे तुम्ही कधी विचारलंच नाही?